गडग्यावरचं भांडण

गिर्यातल्या आमच्या बागेत आणि काकांच्या बागेत एक गडगा आहे. जांभ्या दगडांचा, कमरेएवढ्या उंचीचा, पावसाळ्यात शेवाळाने हिरवा होणारा. १९७१ सालच्या पावसात तो एका जागी ढासळला आणि पुन्हा रचताना तीन हात आमच्या बाजूला सरकला, असं बाबांचं म्हणणं. काका म्हणायचे, कुठेही सरकला नाही, होता तिथेच आहे. त्या तीन हातांत हापूसचं एक कलम येत होतं. पुढची एकोणीस वर्षं दोन सख्खे भाऊ एकमेकांच्या ओटीवर चढले नाहीत. मोजणी झाली, दावा झाला, अपील झालं. मी तेव्हा दहा वर्षांची होते. घरात कुणी चढ्या आवाजात बोललं की मला वाटायचं, पुन्हा गडगा.

मागच्या मे महिन्यात धाकट्या भावाकडे माँट्रियलला गेले होते. एका शनिवारी तो आम्हाला क्वेबेकला घेऊन गेला. तिथे सेंट लॉरेन्स नदीच्या उंच कड्यावर एक मोठं मैदान आहे. त्याला अब्राहमचं मैदान म्हणतात. माझी समजूत होती की नाव बायबलातलं असणार. तसं नाही. सतराव्या शतकात अब्राहम मार्टिन नावाचा नदीतला एक वाटाड्या होता, त्याची तिथे जमीन होती, एवढंच. १३ सप्टेंबर १७५९ ला त्या जमिनीवर इंग्रज आणि फ्रेंच फौजा समोरासमोर उभ्या राहिल्या. खरी गोळागोळी अर्ध्या तासाच्या आत आटोपली आणि दोन्हीकडचे सेनापती पडले. इंग्रजांचा वुल्फ, वय ३२, मैदानावरच गेला. फ्रेंचांचा माँकाम दुसऱ्या दिवशी पहाटे.

आज तिथे नुसती हिरवळ आहे. मुलं पतंग उडवत होती. मी बाकावर बसून नदीकडे बघत होते आणि मनात मात्र आमचा गडगा येत होता. कारण ज्या युद्धात हे दोघे मेले, त्या सप्तवार्षिक युद्धाची सुरुवातसुद्धा अशीच एका हद्दीवरून झाली होती.

ओहायो नदीचं खोरं कुणाचं, हा तो प्रश्न. खरं तर तिथे शॉनी, डेलावेअर, मिंगो हे लोक राहत होते, पण त्यांना विचारतंय कोण. फ्रेंचांनी कॅनडातून खाली येत किल्ले बांधायला घेतले. व्हर्जिनियातल्या बड्या जमीनदारांनी ओहायो कंपनी काढून तीच जमीन विकायचा बेत केला होता आणि व्हर्जिनियाचा कारभारी गव्हर्नर डिनविडी हाच त्या कंपनीत भागीदार होता. त्याने २२ वर्षांचा एक तरुण अधिकारी पाठवला. त्याचं नाव जॉर्ज वॉशिंग्टन. २८ मे १७५४ च्या पहाटे, रात्रभर पावसात चालून, चाळीसेक माणसं आणि मिंगोंचा पुढारी तानाकारिसन यांच्यासह त्याने झाडीतल्या एका घळीत फ्रेंचांची तुकडी गाठली. पंधरा मिनिटांत सगळं संपलं. फ्रेंच तुकडीचा नायक जुमाँव्हिल मारला गेला. आपण राजाचा निरोप घेऊन आलेले दूत होतो, असं फ्रेंचांचं म्हणणं पडलं.

पाच आठवड्यांनी जुमाँव्हिलचा भाऊ फौज घेऊन आला. ३ जुलैच्या मुसळधार पावसात वॉशिंग्टनने शरणागतीच्या कागदावर सही केली. कागद फ्रेंचमध्ये, भिजलेला, शाई पसरलेली, आणि दुभाषा डच. त्या कागदात जुमाँव्हिलचा ‘खून’ झाला असा शब्द होता. वॉशिंग्टनने न कळता त्याखाली आपलं नाव लिहिलं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थांबले. भावाच्या रक्ताचा राग, हद्दीचा कागद आणि न समजता केलेली सही! आमच्या तालुक्याच्या कचेरीत रोज असंच काहीतरी चाललेलं असायचं.

युरोपातलं भांडणही याच जातीचं. सायलेशिया नावाचा सधन प्रांत प्रशियाच्या फ्रेडरिकने १७४० च्या डिसेंबरात ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसाकडून हिसकावला. ती नुकतीच गादीवर आली होती, तेवीस वर्षांची. तो प्रांत परत मिळवायचा, हाच तिच्या पुढच्या सगळ्या राजकारणाचा ध्यास झाला. त्यासाठी तिने पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर विसरून १७५६ मध्ये फ्रान्सशी हातमिळवणी केली. इंग्लंड फ्रेडरिकच्या बाजूला गेलं. त्याच वर्षी ऑगस्टअखेर फ्रेडरिक सॅक्सनीत घुसला आणि दोन वेगवेगळ्या गडग्यांवरची भांडणं एकमेकांत अडकली. मग अमेरिका, कॅरिबियन बेटं, सेनेगल, जर्मनी, बंगाल, कर्नाटक, शेवटी मनिला. ज्यांनी सुरुवात केली त्यांच्यातल्या एकालाही हे एवढं पसरेल असं वाटलं नव्हतं. प्रत्येकजण आपल्यापुरती हद्द सांभाळत होता.

आणि इथेच मला विजयदुर्ग दिसतो.

आमच्या गिर्याहून विजयदुर्ग पायी जाण्याच्या अंतरावर. वाघोटणच्या खाडीत आमच्या बाजूला आंग्र्यांची जुनी गोदी आहे. ओहोटीला तिथे गेलं की चिखलातून वर येणारे तासलेले दगड दिसतात. लहानपणी बाबा आम्हाला तिथे न्यायचे आणि म्हणायचे, इथली गुराबं, लढाऊ जहाजं, तिथे जळली. हात खाडीच्या मुखाकडे. कुणी जाळली, असं विचारलं की म्हणायचे, इंग्रजांनी. मग थोडा वेळ गप्प बसून, आपणच बोलावलं होतं.

ती गोष्ट मला पुस्तकांतून कळली तेव्हा तिच्यात एक धागा असा सापडला की शाळेत तो कुणी दाखवलाच नव्हता. १७५५ च्या अखेरीला रॉबर्ट क्लाइव्ह मुंबईत उतरला तो विजयदुर्गाचा धनी तुळाजी आंग्रे याच्यासाठी नव्हे. मूळ बेत होता पेशव्यांच्या साथीने दख्खनमधून फ्रेंच सेनानी बुसीला उखडायचा. पण मद्रासकडे इंग्रज-फ्रेंचांचा तात्पुरता तह झालेला होता आणि मुंबईकर तो मोडायला धजावले नाहीत. फौज हाताशी, अ‍ॅडमिरल वॉटसनचं आरमार बंदरात, आणि काम नाही. पेशव्यांना तुळाजी नकोच होता. तो त्यांना जुमानत नव्हता, त्यांच्या लोकांची गलबतं लुटत होता, आणि आंग्र्यांच्या घरातल्या वाटणीचं भांडण तर जुनंच होतं. झालं. जगभरच्या युद्धासाठी आणलेली तोफ आमच्या घरच्या भांडणात वापरायला मिळाली.

किल्ल्यावर चढाई करायच्या आधी मुंबईत इंग्रज अधिकाऱ्यांनी लुटीची वाटणी कशी करायची ते आपापसांत ठरवून ठेवलं होतं. त्यात मराठ्यांचा वाटा नव्हता. १२ फेब्रुवारी १७५६ ला दुपारनंतर तोफा सुरू झाल्या. तुळाजी किल्ल्यात नव्हता, बोलणी करायला पेशव्यांच्या छावणीत गेला होता. एक गोळा आंग्र्यांच्या बेड्यातल्या जहाजावर पडला. जहाजं एकमेकांना खेटून बांधलेली होती. आग एकीवरून दुसरीवर गेली, आणि कान्होजींच्या काळापासून ज्या आरमाराने पश्चिम किनाऱ्यावर परदेशी जहाजांची झोप उडवली होती ते संध्याकाळपर्यंत पाण्याच्या पातळीपर्यंत जळून गेलं. त्या रात्री क्लाइव्हने फौज उतरवली, ती मुद्दाम किल्ला आणि मराठी छावणी यांच्या मधोमध, मराठे आधी आत शिरू नयेत म्हणून. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. सुमारे दहा लाख रुपयांची लूट ठरल्याप्रमाणे वाटली गेली. तुळाजीने उरलेलं आयुष्य पेशव्यांच्या कैदेत काढलं. किल्ला पेशव्यांच्या हाती यायला ऑक्टोबर उजाडला, आणि तोही तह करून, बाणकोट इंग्रजांना देऊन.

वॉटसनच्या निशाणाचं जहाज होतं ‘केंट’. सोबत ‘टायगर’, ‘सॅलिसबरी’ वगैरे. विजयदुर्गाहून ही जहाजं मद्रासला गेली. सिराजउद्दौल्याने जूनमध्ये कलकत्ता घेतल्याची बातमी आली तेव्हा हीच जहाजं, हीच माणसं तयार होती. २ जानेवारी १७५७ ला कलकत्ता परत घेतलं. युरोपात आदल्या मे महिन्यातच युद्ध जाहीर झाल्याची बातमी त्याच सुमाराला बंगालमध्ये पोचली, म्हणजे आता फ्रेंचांवर उघड हत्यार चालवायला मोकळीक. २३ मार्चला ‘केंट’, ‘टायगर’ आणि ‘सॅलिसबरी’ने हुगळीतून चंद्रनगरचा फ्रेंच किल्ला फोडला. तीन महिन्यांनी प्लासी.

प्लासीला सगळेजण वळण म्हणतात. मला ते पटत नाही. प्लासीत लढाई कमी आणि आधी ठरलेला सौदा जास्त होता, आणि सौदा करायची हिंमत चंद्रनगर पडल्यामुळे आली. चंद्रनगर ज्या जहाजांनी पाडलं त्यांनी वर्षभरापूर्वी आमच्या खाडीच्या तोंडाशी सराव केला होता. मी आंग्र्यांची भलामण करत नाही, त्यांच्या गुराबांनी आपल्याच लोकांना कमी छळलेलं नाही. पण नानासाहेब पेशव्यांना त्या दिवशी वाटलं असणार की एक उद्दाम सरदार वठणीवर आणला. बाबांनाही वाटायचं, तीन हात जमीन परत मिळवतोय.

या युद्धाची खरी कूस बदलली ती समुद्रावर, असं मी मानते. त्यातला एक दिवस तर मी डोळे मिटून बघू शकते, कारण मी खडपांच्या किनाऱ्यावर वाढले आहे. २० नोव्हेंबर १७५९. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरचा किबरों उपसागर. फ्रेंचांनी इंग्लंडवर उतरवायला फौज गोळा केली होती आणि तिला घेऊन जाण्यासाठी कोंफ्लांचं २१ मोठ्या जहाजांचं आरमार बाहेर पडलं होतं. मागे लागला इंग्रज अ‍ॅडमिरल हॉक. पश्चिमेचा तुफान वारा सुटलेला. दिवस लहान, अंधार पडायला आलेला. कोंफ्लांने विचार केला की आपण उपसागरात शिरू. आत सगळे खडक, इंग्रजांजवळ तिथला वाटाड्या नाही, ते येणार नाहीत. आमच्याकडचा कुठलाही तांडेल हेच म्हणाला असता: वारा किनाऱ्याकडे ढकलत असताना, परक्या खडपांत, सांजावताना, शीड घेऊन आत शिरणं म्हणजे मरण. हॉक आत शिरला. फ्रेंच जहाजं जिथून गेली तिथे पाणी असणारच, एवढ्याच भरवशावर.

त्याच्या मनात काय होतं ते कुणाला सांगता येणार? पण दोन वर्षांपूर्वी अ‍ॅडमिरल बिंगला मिनोर्का बेट वाचवण्यासाठी पुरती शिकस्त केली नाही म्हणून त्याच्याच आरमारातल्या एका जहाजाच्या डेकवर गोळ्या घातल्या होत्या, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मिनोर्काच्या पाण्यात बिंगच्या जागी नेमून पाठवला होता तो हाच हॉक. ‘तेझे’ नावाच्या फ्रेंच जहाजाने खालच्या तोफांच्या खिडक्या उघडल्या, लाट आत घुसली आणि सहाशेच्या आसपास माणसांसह जहाज तळाला गेलं. वाचले ते हातावर मोजण्याइतके. फ्रेंचांची सात जहाजं गेली, उरलेली नद्यांच्या मुखांत पांगली. इंग्रजांची दोन खडकांवर फुटली. त्याच सुमाराला फ्रान्सच्या खजिन्याने देणी थांबवली.

याचा अर्थ काय झाला ते क्वेबेकच्या तटावर उभं राहून कळतं. सप्टेंबरात मैदानावर हरल्यावर फ्रेंच संपले नव्हते. माँकामच्या जागी आलेला लेव्ही हिवाळ्यानंतर फौज घेऊन परत आला आणि २८ एप्रिल १७६० ला शहराच्या दाराशीच, सेंट-फोयला, त्याने इंग्रजांना हरवलं. इंग्रज सेनापती मरे कसाबसा तटाच्या आत पळाला. आता आत इंग्रज, बाहेर फ्रेंच. दोघांजवळही दारूगोळा थोडा, दोघंही आजारी, भुकेले. नदीवरचं बर्फ वितळत होतं. दोन्ही फौजांना एकच ठाऊक होतं: वर येणारं पहिलं जहाज ज्याचं, शहर त्याचं.

९ मेला शीड दिसलं. आधी निशाण कळेना. तटावर माणसं उभी, खंदकात माणसं उभी. मग जहाजाने इंग्रजी निशाण चढवलं. ‘लोवेस्टॉफ्ट’ नावाची फ्रिगेट. इंग्रज शिपाई तटावर चढून शत्रूच्या तोंडावर तासभर टोप्या उडवत ओरडत राहिले म्हणतात. आठवड्याभरात आणखी जहाजं आली आणि लेव्हीने वेढा उठवला. ८ सप्टेंबरला माँट्रियल, माझा भाऊ राहतो ते शहर, शरण गेलं. क्वेबेकचा निकाल वुल्फच्या त्या सकाळी लागला नव्हता. तो लागला हे शीड दिसण्याच्या सहा महिने आधी, अटलांटिकपलीकडे किबरोंच्या खडकांत, आणि कळला त्या दिवशी शिडावरून.

त्या दिवशी कुणाला माहीत असेल, पण अशाच एका जहाजाची वाट पाँडिचेरीतही बघितली जात होती. तिथे लाली नावाचा फ्रेंच सेनापती होता, शूर आणि तितकाच तुसडा. आल्या आल्या, १७५८ च्या उन्हाळ्यात, त्याने एक हुकूम सोडला होता: बुसीने निजामाचं राज्य सोडून आपल्याकडे यावं. सात वर्षं बुसी औरंगाबाद-हैदराबादेत बसून निजामाला तोलून धरत होता. तो गेला. २२ जानेवारी १७६० ला वांदिवाशला इंग्रज सेनानी कूटने लालीला हरवलं, बुसी कैद झाला. मदतीचं फ्रेंच आरमार आदल्या वर्षी मॉरिशसला गेलेलं, ते परत आलंच नाही. पाँडिचेरीला वेढा पडला. नोव्हेंबरात धान्य संपायला आलं तेव्हा लालीने सुमारे १४०० गावकऱ्यांना, बायकापोरांसकट, शहराबाहेर काढलं. इंग्रजांनी त्यांना आपल्या रांगांतून जाऊ दिलं नाही. फ्रेंचांनी परत घेतलं नाही. कित्येक दिवस ती माणसं दोन फौजांच्या मध्ये गवताची मुळं खात फिरत होती, मग कुठे इंग्रजांनी वाट दिली. ती तमिळ माणसं होती. हा झगडा त्यांचा नव्हता.

१ जानेवारी १७६१ ला वादळ झालं, वेढा घातलेली काही इंग्रजी जहाजं बुडाली, शहरात आशा पालवली. आठवड्याभरात दुसरी इंग्रजी जहाजं हजर. १५ जानेवारीला लालीने शरणागती पत्करली, दुसऱ्या दिवशी इंग्रज आत शिरले.

ही तारीख पहिल्यांदा लक्षात आली तेव्हा मी वहीत दोन्ही तारखा एकाखाली एक लिहून बघितल्या. १४ जानेवारी १७६१, पानिपत. १५ जानेवारी १७६१, पाँडिचेरी. एकाच आठवड्यात, या देशाच्या दोन टोकांना, दोन फौजा धान्याची वाट बघून बघून थकल्या होत्या. भाऊसाहेबांची रसद गोविंदपंत बुंदेले पडल्यावर तुटली, लालीची समुद्रावर.

पानिपत हे सप्तवार्षिक युद्धाचं रणांगण नव्हे, हे मला मान्य आहे. अब्दालीचं इंग्रज-फ्रेंचांशी काही देणंघेणं नव्हतं. पण पानिपतावर उभ्या असलेल्या इब्राहिमखान गारद्याकडे बघा. कवायती पायदळ आणि तोफा ही विद्या तो बुसीच्या हाताखाली शिकला होता. बुसीला दख्खनमधून उठवलं नसतं तर निजाम इतका उघडा पडला नसता, आणि गारदीही दुसरा धनी शोधत पेशव्यांकडे आले नसते. ३ फेब्रुवारी १७६० ला उदगीरला निजाम नमला, साठ लाखांचा मुलूख मिळाला, त्यात इब्राहिमखानाच्या तोफांचं मोल मोठं. वांदिवाश नुकतंच बारा दिवसांपूर्वी होऊन गेलं होतं. उदगीरच्या त्या यशावरच भाऊंना उत्तरेला धाडायचं ठरलं आणि गारद्यांचा भरवसा सोबत गेला. पाँडिचेरीतल्या एका तापट माणसाचा हुकूम, आणि पानिपतावर फौजेचा गोल करून लढायचा हट्ट. मधला धागा बारीक आहे, पण तुटत नाही.

आपण पानिपताचं दुःख इतकं जवळ धरून ठेवलं आहे की त्याच्या आजूबाजूला कुणी उभं आहे का हे बघितलंच नाही. आमच्या घरी संक्रांतीला आजी तिळगूळ द्यायची तेव्हा दर वर्षी न चुकता म्हणायची, आजच्या दिवशी आपली सव्वा लाख बांगडी फुटली. पाँडिचेरीतही चुली विझल्या होत्या हे तिला कुणी सांगितलं असतं तर ती हळहळली असती, ही माझी खात्री आहे.

पुढचं भरभर झालं. फ्रेडरिक बुडायला आला होता. १७५९ च्या कुनर्सडॉर्फच्या पराभवानंतर त्याच्या पन्नास हजारांतले त्या संध्याकाळी तीन हजारच हाताशी होते. जानेवारी १७६२ मध्ये त्याच्याशी लढणाऱ्या रशियाची सम्राज्ञी एलिझाबेथ वारली. गादीवर आलेला पीटर फ्रेडरिकचा भक्त. त्याने तह करून टाकला. सहा महिन्यांत त्याच्या बायकोने त्याला गादीवरून खाली खेचलं, पण तेवढ्यात प्रशिया वाचली होती. मद्रासहून निघालेल्या इंग्रज फौजेने ऑक्टोबरात स्पेनचं मनिला घेतलं, आणि स्पेनशी युद्ध सुरू झाल्याची खबरसुद्धा मनिलाकरांना धड पोचली नव्हती. त्या फौजेतले काही हिंदी शिपाई परतलेच नाहीत. मनिलाजवळच्या काइंता गावात त्यांचे वंशज आजही आहेत.

१० फेब्रुवारी १७६३ ला पॅरिसचा तह झाला. फ्रान्सने कॅनडा सोडला आणि साखरेची बेटं, ग्वादलूप आणि मार्टिनिक, परत मागून घेतली. पाँडिचेरी परत मिळाली, पण भिंती जमीनदोस्त झालेली. पाच दिवसांनी ऑस्ट्रिया आणि प्रशियाचा तह. सायलेशियाचा गडगा जिथे होता तिथेच. लाखो माणसं मेली आणि नकाशावर ती रेघ केसभरही हलली नाही. ओहायोत तर उलटंच घडलं. जिंकलेल्या इंग्रज राजाने त्याच वर्षी अ‍ॅपलेशियन डोंगरांवर रेघ ओढून आपल्याच वसाहतवाल्यांना पलीकडे वस्ती करायची मनाई केली, आणि युद्धाचं कर्ज फेडायला कर बसवले. त्या करांतून काय झालं, आणि तेव्हा सेनापती कोण होता, ते सगळ्यांना माहीत आहे.

क्वेबेकमध्ये वुल्फ आणि माँकाम दोघांसाठी मिळून एकच स्तंभ उभारला आहे. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलं आहे की शौर्याने त्यांना एक मरण दिलं, इतिहासाने एक कीर्ती, आणि पुढच्या पिढ्यांनी एक स्मारक. भावाने मोबाइलवर अर्थ शोधून मला वाचून दाखवला. आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. बाबा आणि काका १९९० मध्ये बोलू लागले. तडजोड झाली, गडगा होता तिथेच राहिला. ते कलम मधल्या वर्षांत वठून गेलं होतं.

परत आल्यावर, यंदाच्या आषाढात, गडगा त्याच जागी पुन्हा ढासळला. काकांच्या मुलाचा फोन आला. मोजणीवाल्याला बोलवायचं का, विचारत होता. मी म्हटलं, नको, मी शनिवारी येते, पाऊस थांबला की आपण दोघंच दगड लावू.

शनिवारी पाऊस थांबला नाही. ओटीवर चहा घेऊन आम्ही भरतीच्या वेळेला गोदीकडे गेलो. दगड पाण्याखाली गेले होते.